संचिकेचा सरंजाम

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालेल्या मनुष्यास मांजरसुंब्याचा घाट चढून गेल्यावर महामार्गालगत चौसाळा लागते, आणि बालाघाटच्या ज्या मुरमाड माळांवर सीताफळाचे झाड फारशा मशागतीवाचून तग धरते, त्या मुलखाचा परिचय येथे होऊ लागतो. बीडच्या या सीताफळास २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी प्राप्त झाली. परंतु फळ मोठे नाजूक. तोडल्यावर दोन-चार दिवसांत ते पिकून मऊ पडते, आणि दिवाळीच्या मागेपुढे हंगामच आटोपत येतो. त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ, पुण्यामुंबईच्या आइस्क्रीम-उत्पादकाकडे गराचा सौदा करावयास जाणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या प्रतिनिधीजवळ दाखवावयास फळ नसते. त्याच्या काखेत असते ती आपल्या धंद्याची ओळख करून देणारी फाईल.

कागद बांधून ठेवण्याची विद्या आपणांस नवी नव्हे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आजही जतन केलेले आहेत, आणि त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत संपादित केले. बीड जिल्हा निजामाच्या अमलाखाली असता येथील कचेऱ्यांतून अशा प्रकरणास मिसल म्हणत. पण रुमाल काय किंवा मिसल काय, तिच्यातील कागद जपण्यासाठी होता. परिचयाच्या फायलीतील कागद परक्या माणसाने, तोही घाईत, चाळावयाचा असतो. हा भेद ध्यानात न घेता केवळ सोनेरी अक्षरे आणि रेक्झिनचा झगझगाट पाहून फाईल खरेदी करणाऱ्याचे पैसे, माझ्या मते, वाया जातात.

या फायलीचा जीव तिच्या कड्यांत असतो. जर्मनीतील बॉन येथील फ्रीड्रिख झ्योनेकेन यांनी १८८६ साली कागदास भोके पाडणाऱ्या पंचाचे पेटंट घेतले, आणि पुढे दोन भोकांच्या मध्यांतील ८० मिलिमीटरांचे अंतर हे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. आपला पंच व आपल्या कड्या याच मापाच्या असल्या, तर खरेदीदाराच्या दफ्तरात आपला कागद पुन्हा भोके न पाडता दाखल होतो. गोल कडीपेक्षा डी-रिंग घ्यावी, कारण तिच्या सरळ बाजूवर कागदांच्या कडा एकसारख्या बसतात आणि पाने उलटताना अडत नाहीत. दुकानातच कडी मिटून उजेडाकडे धरावी; सांध्यात बारीक फट दिसली, तरी ती फाईल परत करावी, कारण त्याच फटीत अडकून पानाचे भोक फाटते आणि नेमका महत्त्वाचा दाखला खरेदीदाराच्या टेबलाखाली जाऊन पडतो. साध्या जाडीचे १०० कागद सुमारे एक सेंटिमीटर जागा घेतात, पण तेच प्लॅस्टिकच्या पारदर्शक कप्प्यांत घातले की फाईल पाहता पाहता फुगते. म्हणून कडी गरजेपेक्षा एक माप मोठी असावी.

कप्प्यांविषयी आणखी सांगितले पाहिजे. पीव्हीसीच्या स्वस्त कप्प्यास लेझर छपाईची शाई चिकटते, आणि मे महिन्यात बीडच्या उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत फाईल राहिली, तर ताळेबंदाचे आकडे कप्प्यावर उमटलेले पाहण्याची वेळ येते. पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे थोडे महाग असले तरी तेच मागावेत. दुसरी गोष्ट अशी की कप्पा ए-फोर कागदाहून रुंद असल्याने साध्या सेपरेटरची जीभ त्याच्याआड दडते; यास्तव जास्त रुंदीचे सेपरेटर घ्यावेत, अन्यथा विभाग पाडूनही ते कोणास दिसावयाचे नाहीत.

पाठीच्या कण्यावर कंपनीचे नाव, गाव आणि वर्ष ठळक असावे. आतल्या बाजूस व्हिजिटिंग कार्डाचा खिसा असावा, आणि त्यात एक नव्हे तर चार-पाच कार्डे असावीत. पेन अडकवावयाचे पट्टे, कुलुपे, चुंबकाची झडप यांची मला आवश्यकता वाटत नाही.

आत मात्र अग्रभागी कंपनीची नोंदणी, चौदा अंकी अन्न परवाना आणि प्रयोगशाळेचा अहवाल असावा. संचालकांचे सत्कार-समारंभ मागे. भौगोलिक निर्देशांकाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. ती नोंदणी फळाची व प्रदेशाची आहे. तिचे नाव आपल्या डब्यावर छापावयाचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते, आणि त्या दाखल्याची नक्कल, असल्यास, स्वतंत्र कप्प्यात समोर ठेवावी. नसल्यास आधी तो अर्ज करावा, फाईल नंतर सजवावी.

चौसाळ्याहून पुण्याची गाडी धरण्यापूर्वी ही फाईल धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या हाती द्यावी, आणि प्रयोगशाळेचा अहवाल त्यास कोणाला न विचारता सापडतो की नाही, एवढे पाहावे.