पांदणीला डोळे हवेत, पण मोजके

सेलू तालुक्याच्या नशिबी दोन टोकांचे रस्ते आले आहेत. एकीकडून समृद्धी महामार्ग जातो. रात्री त्यावर गाडीचा प्रकाश पडला की पट्टे, कठडे, पाट्या सगळे आपापल्या जागी उजळते. दुसरीकडे सिंदी (रेल्वे)च्या शिवारातल्या पांदणी आहेत. काळ्या मातीत चाकांच्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, कडेला बाभळी. या पांदणीवर रात्री दिसते ते फक्त आपल्याच दुचाकीच्या दिव्यापुरते.

पांदणीवर रात्री जाते कोण, असा प्रश्न शहरातल्या वाचकाला पडेल. रब्बीत गहू-हरभऱ्याचे ओलित करायचे तर वीज येईल तेव्हा वावरात हजर राहावे लागते आणि शेतीच्या विजेची पाळी अनेकदा रात्रीची असते. रानडुकरे आणि रोही पीक तुडवतात म्हणून जागलीला जावे लागते. कापूस वेचून झाला की भरलेली ट्रॉली किंवा बंडी अंधार पडल्यावरच गावाकडे निघते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात तर पांदण रात्री रिकामी नसतेच. सिंदीला ड्राय पोर्टचा प्रकल्प आल्याने पांदणी जिथे डांबरी रस्त्याला मिळतात, तिथे आता अवजड वाहनांचीही गाठ पडणार आहे.

पांदणीचे डांबरीकरण हा यावरचा सरळ उपाय, पण तो लांबचा आहे. राज्य शासनाने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. तिचाही भर माती आणि मुरुमाचे रस्ते बारमाही करण्यावर आहे. त्यामुळे मधल्या काळात कच्च्या रस्त्यावर रात्री काय करता येईल हे बघायला हवे. परावर्तक खुणा, ज्यांना आपण सरसकट रिफ्लेक्टर म्हणतो, हा त्यातला स्वस्त मार्ग आहे. मात्र महामार्गावरची पद्धत उचलून पांदणीवर ठेवली तर ती कामाला येत नाही, कधी उलटतेही.

आधी रिफ्लेक्टर करतो काय ते पाहू. शेतकरी आजही धुऱ्यावर खुणा लावतातच. युरियाचे पांढरे पोते काठीला बांधतात, जनावरे बुजावीत म्हणून जुन्या सीडी टांगतात, विहिरीच्या तोंडीला चुना मारतात. सार्वजनिक बांधकाम खाते रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारते, तेही याच कुळातले. पण चुना किंवा पोते प्रकाश चहूकडे फेकते. आपल्या डोळ्यापर्यंत त्यातला फार थोडा येतो, म्हणून ते जवळ गेल्यावरच दिसते. सीडी आरशासारखी वागते. प्रकाश एका ठरावीक कोनातून परत फेकते आणि आपण नेमके त्या कोनात नसलो तर ती काळीच राहते. रिफ्लेक्टर मात्र प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतो, मग तो अगदी समोरून पडो की थोडा तिरपा.

हे दोन तऱ्हांनी साधते. काही पट्ट्यांत काचेचे बारीक मणी असतात. प्रकाश मण्यात शिरताना वाकतो, मागच्या बाजूवर आपटतो आणि आल्या वाटेने बाहेर पडतो. जास्त चकाकणाऱ्या पट्ट्यांत आणि प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरमध्ये बारीक कोपरे कोरलेले असतात. खोलीच्या दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तसे. तीन आरसे असे काटकोनात जोडले की त्यांवर पडलेला प्रकाश फिरून उगमाकडेच जातो. अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी 1969 मध्ये चंद्रावर ठेवलेला परावर्तक याच तत्त्वाचा. पृथ्वीवरून सोडलेला लेझरचा झोत तो अजूनही परत पाठवतो.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. प्रकाश दिव्याकडे परततो, म्हणून डोळा दिव्याजवळ असेल त्यालाच रिफ्लेक्टर नीट दिसतो. कपाळाला बॅटरी बांधून जागलीला निघालेल्या माणसाला तो लख्ख दिसेल, तीच बॅटरी कमरेजवळ धरली तर जवळून फिका वाटेल. ट्रॅक्टरवर उंच बसणाऱ्यालाही जवळच्या खुणा दुचाकीवाल्यापेक्षा मंद दिसतात.

रस्त्यातल्या चमकत्या गोट्यांना आपण कॅट्स आय म्हणतो. ते इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या पर्सी शॉ यांनी काढले. पेटंट 1934 चे. त्यांच्या रचनेतली खरी अक्कल रबरात होती. चाक वरून गेले की काच खाली दबायची आणि रबराने पुसली जायची, म्हणजे रहदारीच खूण स्वच्छ ठेवायची. पांदणीवर यातले काहीच चालत नाही. गोटा धरायला पक्का पृष्ठभाग नाही, पहिल्या वखरासरशी तो उपटून येईल. म्हणून इथे खूण कडेला, खांबावरच हवी.

आणि खांब म्हटला की काळी माती आडवी येते. कपाशीची ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. वरवर रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो, मग रिफ्लेक्टर आभाळाकडे नाहीतर नाल्याकडे बघत राहतो. खड्डा खोल घ्यायचा आणि खांबाभोवती काढलेली माती परत न लोटता मुरूम ठोकून भरायचा, एवढे केले तरी बराच फरक पडतो. लोखंडी पाइप लावू नयेत. ते भंगारात जातात, शिवाय दुचाकी त्यावर आदळली तर खूणच जीव घेईल. जाड प्लास्टिकचा लवचिक खांब किंवा साधा बांबू बरा. बैल त्याला अंग घासणार हेही धरून चालावे. रिफ्लेक्टर जमिनीपासून साधारण 80 सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर असावा. त्याहून खाली लावला तर पावसाळ्यानंतरच्या गाजरगवतात हरवतो.

धुळीचा हिशेबही वेगळा आहे. प्रकाश धुळीच्या थरातून आत जाताना एकदा अडतो, बाहेर येताना पुन्हा. थराने निम्मा प्रकाश अडवला तर परत मिळतो तो निम्म्याचा निम्मा, म्हणजे चतुर्थांश. तूर काढणीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ बसली की महागातला पट्टाही मळकट पोत्यासारखा दिसतो. तो ओल्या फडक्याने पुसणारा माणूस गावाने नेमला नसेल तर खर्च वाया गेला समजा.

आता उलटण्याची गोष्ट. फिनलंडमध्ये रस्त्याकडेच्या परावर्तक खांबांचा अभ्यास झाला. काल्बर्ग यांनी तो 1993 मध्ये मांडला. ताशी 80 किलोमीटरची मर्यादा असलेल्या, पण वळणावळणाच्या कमी दर्जाच्या रस्त्यांवर खांब लावल्यावर अंधारातले वेग वाढले आणि इजा होणारे अपघातही वाढले. कारण समजण्यासारखे आहे. रस्ता लांबवर दिसला की माणसाला धीर येतो, रस्ता मात्र होता तसाच असतो. आपल्याकडे सार्वजनिक कामात ‘दर इतक्या मीटरवर एक’ असा अंदाजपत्रकी हिशेब आवडतो. पांदणीवर तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय रस्ते मानकांत ताशी 40 किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी 45 मीटर अंतर धरतात, तेही पक्क्या रस्त्यावर. सुट्या मुरुमावर ब्रेक लावला की चाक घसरते, अंतर वाढते. दुचाकीच्या खालच्या झोतात तेवढे दिसतही नाही. पांदणीवर 40 चा वेगसुद्धा जास्तच.

म्हणून खुणा धोक्याच्या जागीच द्याव्यात. पांदणीला लागून असलेली कठडा नसलेली विहीर, अचानक वळण, डांबरी रस्त्याला मिळण्याची जागा आणि रपटा. वळणावर बाहेरच्या बाजूने निदान तीन खांब एका नजरेत यावेत. एकटा ठिपका वळण सांगत नाही, तीन ठिपके सांगतात. रपट्याच्या दोन्ही कडांना खांब हवेतच, कारण पाणी वरून वाहू लागले की रस्ता कुठे संपतो ते दिवसाही कळत नाही. अर्थात खांब दिसतात म्हणून वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. तो परवाना नव्हे. विहिरीपाशी पिवळ्या-काळ्या तिरप्या पट्ट्यांची पाटी लावावी, पट्ट्यांचा उतार गाडीने ज्या बाजूने जायचे त्या बाजूला असावा.

रंगात चूक करू नये. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालतात, तिथे डावीकडच्या खांबावर लाल आणि उजवीकडे पांढरा रिफ्लेक्टर असतो. ती सवय तिथे मुरलेली आहे. आपल्याकडे लाल म्हणजे वाहनाची मागची बाजू, नियमानेही आणि सरावानेही. खांबांवर लाल लावले तर पुढे ट्रॉली उभी आहे की वळण आहे हे कळणार नाही. खांबाला पांढरा किंवा पिवळा पुरे.

आणि खरे तर खांबांच्याही आधी ट्रॉली येते. पश्चिम महाराष्ट्रात ऊस हंगाम सुरू झाला की पोलीस, परिवहन विभाग आणि साखर कारखाने ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना रिफ्लेक्टर आणि चमकते कापडी फलक लावायच्या मोहिमा घेतात. अंधारात उभ्या असलेल्या भरल्या ट्रॉलीवर मागून आदळून किती घरे उजाड झाली, हे त्या भागाला ठाऊक आहे. कापसाच्या पट्ट्यात तसा रेटा दिसत नाही. कापसाची बंडी, तिचे बैल, बाजूला लोंबणारा चारा, सगळे रात्री रस्त्याच्याच रंगाचे होते. बंडीला मागे आणि चाकांच्या आऱ्यांवर पट्टी लागली तर ती चालती आहे हेही ओळखू येते.

सिंदीत पोळा आणि तान्हा पोळा थाटात होतो. बैल सजतात, लाकडी नंदी सजतात. ग्रामपंचायती, कृषी सेवा केंद्रे आणि जिनिंगवाल्यांनी त्याच सुमारास गावातल्या प्रत्येक बंडी-ट्रॉलीला पट्टी लावून द्यावी. पावसाळा सरल्यावर, कापूस फुटायच्या आत, सरपंचांनी ओलितवाल्या दोन शेतकऱ्यांना सोबत घेऊन रात्री पांदण फिरावी आणि ते सांगतील तिथेच खांब रोवावेत.