रानपिंगळा
रानपिंगळा : घुबडांच्या स्ट्रिजिडी कुलातील एक संकटग्रस्त पक्षी. शास्त्रीय नाव अथीनी ब्लेविटी (पूर्वीचे हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी). तो फक्त मध्य व पश्चिम भारतात आढळतो. महाराष्ट्रात तोरणमाळ (जि. नंदुरबार) व मेळघाट येथील सागाच्या विरळ पानझडी वनांत त्याचे वास्तव्य आहे.

लांबी सुमारे २३ सेंमी. असते. सामान्य पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. पंख व शेपटी यांवर रुंद पट्टे असतात. हा दिवसाही निष्पर्ण फांदीवर बसून भक्ष्य टिपतो. सरडे, उंदीर व कीटक हे त्याचे अन्न होय. घरटे झाडाच्या ढोलीत असते.

ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन केले. १८८० ते १८८४ या काळात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने मिळविले. त्यानंतर विश्वसनीय नोंद नाही. तापीकाठच्या मांडवी येथे १९१४ मध्ये नमुना मिळाल्याचा रिचर्ड मायनर्ट्सहागेन यांचा दावा खोटा होता. संग्रहालयातून चोरलेल्या जुन्या नमुन्यावर त्यांनी नवी चिठ्ठी लावली होती. अशा नोंदींमुळे नंतरचे शोध भलत्या ठिकाणी झाले. पॅमेला रासमुसेन यांनी ही नोंद वगळून अस्सल नमुन्यांची स्थळे पाहिली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी, हा पक्षी पुन्हा पाहिला.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तोरणमाळ परिसरात पाहणी केली. ध्वनिमुद्रित साद ऐकवून मिळणाऱ्या प्रतिसादावरून पक्षी मोजतात व ढोलींवर लक्ष ठेवतात. विणीच्या काळात मात्र ही साद वारंवार ऐकविल्यास पक्ष्यांना त्रास होतो. २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही तो आढळला. नवी स्थळे कळल्याने २०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ झाला. तरी प्रौढ पक्षी एक हजाराहून कमी असावेत, असा अंदाज आहे.

शेतीसाठी होणारी जंगलतोड, जळणासाठी जुनी झाडे तोडणे, गलोलीने होणारी शिकार व घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा यांपासून त्याला धोका आहे. सागाचे नवे रोपण केले, तरी ढोली तयार होण्यास अनेक दशके लागतात. म्हणून पोकळ, वठलेली झाडे राखणे व त्यासाठी स्थानिक रहिवाशांचे सहकार्य मिळविणे, हा या पक्ष्याच्या संरक्षणाचा गाभा आहे.