पबजी खेळून मुलं हिंसक होतात का?

सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगावजवळच्या काकती गावात एका तरुणाने स्वतःच्या वडिलांचा खून केला. वडील पबजी खेळू देत नव्हते, असं बातम्यांत आलं. तेव्हापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही ही धास्ती घरोघरी आहे. दारव्ह्याची माझी मावशी विचारते, "तू इंजिनिअर आहेस ना बाबू, सांग बरं, हे पोट्टं दिवसभर बंदुका चालवून राह्यलं, उद्या खरंच कोणाला मारलं तर?"

मावशीची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण काकतीची बातमी नीट वाचा. वाद फोनवरून होता. गोळ्या झाडायला गेममधून शिकणं वेगळं आणि खेळ सुटत नाही म्हणून भडकणं वेगळं. दोन्हींवरचा उपायही वेगळा.

दुसरं असं की त्या काळी पबजी देशातल्या कोट्यवधी फोनमध्ये होतं. एखादा तरुण पोलिसांना सापडला की त्याच्या फोनमध्ये पबजी निघणारच. तसं व्हॉट्सअ‍ॅपही निघतं!

मग शास्त्रज्ञ हे तपासतात कसं? प्रयोगशाळेत कोणाला खून करायला लावता येत नाही. म्हणून काही प्रयोगांत गेम खेळून झाल्यावर विचारतात, तिखट न आवडणाऱ्या माणसाला किती तिखट सॉस खायला द्याल? जास्त दिला तर तुम्ही आक्रमक. (आपल्याकडे सावजीवाले सगळेच आत जातील.) असल्या मोजमापावरून थेट खुनापर्यंत उडी मारणं मला तरी पटत नाही.

२०१९ मध्येच ऑक्सफर्डच्या अँड्र्यू शिबिल्स्की आणि त्यांच्या सहकारी नेटा वाइनस्टीन यांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे १,००० ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. गेम किती हिंसक आहे हे मुलांना न विचारता अधिकृत रेटिंगवरून ठरवलं, वागणुकीबद्दल पालकांना विचारलं, आणि आकडेमोड कशी करणार हे आधीच जाहीर करून टाकलं, म्हणजे नंतर सोयीचा निकाल निवडायची सोयच नाही. हिंसक गेम आणि आक्रमक वागणूक यांचा संबंध सापडला नाही.

विषय एवढ्यावर मिटला, असंही नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची २०२० ची भूमिका अशी, की हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलाढकली यांत छोटासा संबंध दिसतो. पण खऱ्या हिंसाचाराशी तो जोडायला पुरेसा पुरावा नाही. मला हीच भूमिका प्रामाणिक वाटते.

आणि हो, २ सप्टेंबर २०२० ला भारतात पबजीवर बंदी आली ती हिंसेमुळे नव्हे. कारण दिलं होतं देशाची सुरक्षा आणि लोकांच्या डेटाचं. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला, रक्ताचा रंग हिरवा करून! हिरव्या रक्ताने काय साधलं देव जाणे. त्यापेक्षा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली, ती कामाची. फक्त मुलाने वय किती टाकलंय ते एकदा तपासा.

अजून एक तांत्रिक गोष्ट. या खेळात १०० जण एकाच सर्व्हरवर एकत्र उतरतात, त्यामुळे पॉज नसतो. एक मॅच साधारण अर्धा तास चालते. जेवायला बोलवायचं असेल तर मॅच सुरू व्हायच्या आधी सांगा. मधेच फोन हिसकावला की भांडण ठरलेलं.