संकेतस्थळ आपले, तर चाव्याही आपल्याच हाती हव्यात

आमच्या वस्तीतील विहाराच्या वाचनालयाची ग्रंथसूची संकेतस्थळावर टाकायची, असे आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवले. कोणता ग्रंथ कोणी कोणाच्या स्मरणार्थ दिला, हेही त्यात नोंदवले होते. वर्गणी काढून काम बाहेर दिले. वर्षभराने त्या माणसाचा फोन लागेना. पासवर्ड त्याच्याकडेच, म्हणून सारी नोंद गेली. चूक आमचीही होती. आम्ही काहीच समजून घेतले नव्हते.

पुढे वस्तीतल्याच मुलामुलींनी जुन्या रजिस्टरवरून ते काम पुन्हा उभे केले. त्यांच्याबरोबर आम्ही जे शिकलो, ते येथे देत आहोत. महागडा संगणक आणला तरच हे जमते, असा समज पालकांनी करून घेऊ नये.

कोड लिहिण्याची वही म्हणजे एडिटर. विंडोजच्या जुन्या संगणकावर नोटपॅड प्लस प्लस चांगले चालते. संगणक जरा दमदार असेल तर मायक्रोसॉफ्टचे व्हीएस कोड घ्यावे. दोन्ही मोफत आहेत. एडिटरवरून वाद मात्र घालू नये. अ‍ॅटम नावाचा लोकप्रिय एडिटर डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, पण त्यात लिहिलेले कोणाचे काम बुडाले नाही. कोड साध्या मजकुराच्या फाइलीत असतो. तो कोणत्याही एडिटरमध्ये उघडतो.

सरावासाठी झॅम्प हा मोफत संच घ्यावा. त्यात अपाचे सर्व्हर, पीएचपी भाषा आणि मारियाडीबी डेटाबेस एकत्र मिळतात. एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही घरच्या संगणकावर संकेतस्थळ चालवून पाहता येते. हा संच शिकण्यापुरताच आहे. लोकांसाठी खुले करताना रीतसर होस्टिंग घ्यावे.

डेटाबेस म्हणजे वाचनालयातील कार्डांचे कपाट. लहान यादीला एसक्यूलाइट पुरते. सारी माहिती एकाच फाइलीत राहते. ते २००० साली आले आणि त्याच्या कर्त्यांनी त्यावरचा मालकीहक्क सोडून दिलेला आहे. अनेक जण एकाच वेळी नोंदी करणार असतील तर मारियाडीबी बरे.

आमच्या मुलांनी पहिल्यांदा नोंदी भरल्या, तेव्हा दात्यांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. मारियाडीबीत अक्षरसंच 'यूटीएफ८एमबी४' ठेवल्यावर नावे नीट दिसू लागली. हे आधीच करावे, कारण एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलेले नाव परत मिळत नाही. तसेच वाचकाने रकान्यात लिहिलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीत जोडू नये. तेथूनच चोर शिरतो. त्यासाठी पीएचपीतील 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' वापरावे.

आता डोमेन संस्थेच्या नावावर आहे. पासवर्ड दोघांकडे असतो, त्यांपैकी एक महिला मंडळाची सभासद असते. दर महिन्याला डेटाबेसची प्रत पेन ड्राइव्हवर काढून विहाराच्या कपाटात ठेवतो. ज्या मंडळांनी असे काम बाहेर दिले आहे, त्यांनी आपल्या चाव्या कोणाकडे आहेत हे येत्या बैठकीत जरूर विचारावे.

जयभीम!