अमेरिकेतील साधी माणसे

अमेरिका म्हटले की आपल्यापुढे एक ठरीव चित्र उभे राहते. आभाळाला भिडलेल्या इमारती, बटण दाबले की होणारी कामे, पैशाला तोटा नाही, आणि म्हाताऱ्या आईबापांस आश्रमात ठेवून मोकळी झालेली मुले. यातले पुष्कळसे सिनेमाने आपल्या डोक्यात भरवलेले आहे. आता आपल्या भागातील बऱ्याच घरांतून मुलामुलींना तिकडे पाठवावे की नाही हा विचार चालतो, आणि तो याच चित्राच्या आधारे चालतो. म्हणून ते जरा तपासून घ्यावे असे आम्हांस वाटले.

पहिली गोष्ट कामाची. तिकडचा मध्यम स्थितीतला माणूस आपले अंगण आपण झाडतो, गवत आपण कापतो, बर्फ पडले की फावडे घेऊन वाट मोकळी करतो. धुणीभांड्यांना यंत्र आहे हे खरे. पण त्यात भांडी लावायची आणि काढायची घरातल्यांनीच. घरकामाला बाई ठेवणे त्याला परवडत नाही. आपल्याकडचा साधा कारकूनही या बाबतीत त्याच्याहून श्रीमंत म्हणावा लागेल! लहान गावी आग लागली, तर ती विझवायला धावणारा माणूस पुष्कळदा दुकानदार किंवा शेतकरी असतो. त्या देशातील निम्म्याहून अधिक अग्निशामक स्वयंसेवक आहेत.

दुसरा समज असा, की अमेरिका म्हणजे निव्वळ भांडवलदारांचा देश. सहकार काय तो आपला. हे बिद्रीत बसून बोलणे सोपे आहे, कारण दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचे धुराडे समोर दिसते. पण मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीचे खोरे आहे. तेथे साखर उसाची नव्हे, बीटाची. त्या बीट-उत्पादकांनी 1973 मध्ये अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनीच विकत घेतली आणि तिची सहकारी संस्था केली. ज्याचे जितके भाग, तितक्या एकरांचे बीट त्याने घालायचे. ऑक्टोबरात बीट निघते तेव्हा रात्रंदिवस ट्रक चालतात. निघालेल्या बीटाचे डोंगर उघड्यावर रचून ठेवतात. तेथील थंडीच त्यांना गोठवून टिकवते, म्हणून गाळप पुढे कित्येक महिने चालू राहते. आपल्याकडे तोडलेला ऊस दोन दिवस पडला तरी उतारा घसरतो. त्यांना निसर्गाने शीतगृह फुकट दिले आहे. मात्र सहकार आला म्हणून तंटा गेला, असे नाही. करारावरून वाद होऊन 2011 मध्ये याच संस्थेने सुमारे 1,300 कामगारांना बाहेर काढून दारे बंद केली, आणि तो झगडा 2013 पर्यंत चालला. मालक शेतकरी असला तरी तो मालकच असतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आता म्हाताऱ्यांचे. पासष्टीच्या वरच्या शंभर माणसांत पाचही जण शुश्रूषागृहात राहत नाहीत. परंतु चौथ्या हिश्श्याहून अधिक जण घरी एकटे राहतात, आणि हे आम्हांस अधिक जड वाटते. तरुणांचेही सगळे सुखाचे नाही. बाळंतपणासाठी 1993 च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि सर्वांना नाही. आजारपणाचा विमा नसलेली माणसे कोटींनी मोजावी लागतात. मुलगा तिकडे गेला की सुटला, असे मानणाऱ्या बापाने एवढे तरी विचारून घ्यावे.

माणसे कोरडी असतात, या समजाला मात्र आमच्यापाशी कोल्हापूरचेच उत्तर आहे. गोपाळराव जोशी कोल्हापुरास असताना त्यांनी 1878 मध्ये पत्नीच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्यास पत्र लिहिले. ते अमेरिकेतील एका मासिकात छापून आले, आणि दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेल्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या नजरेस पडले. ओळख ना पाळख. पण तिने पत्र धाडले. त्यातून मैत्री जडली. 1883 मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल गावी याच बाईचे घर त्यांचे माहेर झाले. आनंदीबाईंनी ना धर्म सोडला, ना शाकाहार. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियास त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभास गेलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे 1889 मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यात तेथल्या स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक आहे, तसे काळ्या लोकांवरील आणि मूळ रहिवाशांवरील अन्यायाबद्दलचे खडे बोलही आहेत. असे दोन्ही डोळ्यांनी पाहणारे प्रवासी थोडे.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सी.पी.आर.मध्ये, आनंदीबाईंची स्त्री-विभागावर नेमणूक झाली होती. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. तेथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.