गिअरबॉक्सचा ताप
कळंब-वालचंदनगरच्या ऊसपट्ट्यात जुना ट्रॅक्टर म्हणजे घरातला कमावता गडी. त्याचा काटा इंजिनाच्या पाण्याचा ताप सांगतो. गिअरबॉक्सचे ऑइल तापून पातळ झाले तरी तो गप्पच. ऐन हंगामात गिअरबॉक्स बसला की ऊसवाहतूक बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, ऑइलचा वेगळा टेंपरेचर मीटर बसवाच. मीटर व सेन्सर एकाच जोडीचे घ्यावेत. ऑइल काढून, आटे जुळवून, ऑइलात बुडेल अशा बाजूच्या प्लगच्या जागी सेन्सर लावावा; खालच्या प्लगला ढेकळांचा मार बसतो. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग बॉडीतूनच मिळते, तेव्हा आट्यांवर टेप भरमसाट गुंडाळू नये. भरल्या ट्रॉलीच्या पहिल्या खेपांत काटा कुठे स्थिरावतो ते ध्यानात ठेवावे. त्यापुढे सरकला, की ट्रॅक्टर थांबवून आधी ऑइलची पातळी पाहावी.