गाठ सुजली की मेडिकलच्या गोळ्या? आधी हे समजून घ्या

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात आणि आसपास आपली कितीतरी मुले रोजंदारीवर जातात. मानेवर, पाठीवर, कानामागे वर्षानुवर्षे असलेली छोटी गाठ एके दिवशी लाल होते, ठणकू लागते. दवाखान्यात जायचे तर भुसावळची खेप आणि दिवसाची मजुरी बुडते. मग मेडिकलवरून चार गोळ्या आणायच्या आणि ठणका थांबला की सोडून द्यायच्या. वस्तीत फिरताना आम्हाला हे नेहमी दिसते.

लोक हिला 'चरबीची गाठ' म्हणतात, पण बहुतेकदा आत चरबी नसते. त्वचेखाली एक पिशवी तयार होते आणि तिच्यात केराटिन, म्हणजे केस-नखांत असते तेच प्रथिन, साचते. वर अनेकदा काळा ठिपका दिसतो. ही पिशवी आतल्या आत फुटली की केराटिन भोवती पसरते आणि शरीर त्याचा प्रतिकार करते. सूज व लाली त्यातून येते. म्हणजे प्रत्येक सुजलेल्या गाठीत जंतुसंसर्ग असतोच असे नाही. जंतूच नसतील तर अँटिबायोटिक काय करणार?

डॉक्टर मुख्यतः बघून आणि चाचपून निदान करतात. आत पू झाला आहे का? लाली पसरते आहे का? ताप, मधुमेह आहे का? पू असेल तर जागा बधिर करून, चीर देऊन तो काढणे हाच मुख्य उपचार. लाली पसरत असेल, ताप असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर अँटिबायोटिक देतात. सूज उतरल्यावर पूर्ण पिशवी काढतात. ती राहिली तर गाठ परत येऊ शकते.

विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. उद्या घरात कुणाला न्यूमोनिया झाला, तर तेच औषध निकामी ठरू शकते. पाकिटावरची लाल उभी रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, ही सूचना.

तेव्हा गाठ पिळू नका, सुईने फोडू नका, बिब्बा लावू नका. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तिथे जा आणि डॉक्टरांना निःसंकोच विचारा, "हे औषध कशासाठी, किती दिवस?" कार्यकर्त्यांनो, हा प्रश्न विचारायची सवय वस्तीला लावणे हेही आपलेच काम आहे.